जांभळ्या निशाणाचं ताट

११ मार्च, मंगळवार
दुपारचे साडेतीन

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळून आज एकोणीस दिवस झाले. त्याआधी तुझे सात फोन येऊन गेले. मी ते मुद्दाम उचलले नाहीत हे तू ओळखलं असणारच, लहानपणी मी कुठेही लपलो तरी पहिली तूच शोधून काढायचीस. पाकिटावर तू 'जिवंत असशील तर उघड' असं लिहिलं होतंस. पोस्टमनने ते देताना मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मगच हातात ठेवलं.

तर जिवंत आहे. डावा गुडघा कुरकुरतो, पण चालतो. नवी खोली बरी आहे. खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत लागते, त्यामुळे पडद्याचा प्रश्न मिटला. न्हाणीघराचा नळ एकदा सुरू केला की बंद व्हायचं नाव घेत नाही, त्याला मी फडकं बांधून ठेवलंय. जेवण कामावरच होतं. घरी फक्त चहा आणि झोप.

कामावर मला बढती मिळाली. हे तुला कळवलं नव्हतं. आता मी खिडकीवर उभा राहत नाही. खिडकी म्हणजे स्वयंपाकघर आणि बाहेरची टेबलं यांच्यामधली ती स्टीलची चौकट. तिच्यातून तुझी भोपळू मला हात करायची, ती. आता सगळ्या शाखांमधून नवी माणसं माझ्याकडे पाठवतात आणि मी त्यांना शिकवतो. काय शिकवतो ते पुढे लिहितो. मागच्या खोलीत एक फळा दिलाय, एक नवं कॉफीचं मशीन दिलंय. ते मशीन कॉफी सोडून सगळं करतं. शिट्टी वाजवतं, वाफ सोडतं, मध्येच लाल दिवा लावून रुसून बसतं. तुझ्या सासूबाईंची आठवण येते.

बघ, पानभर लिहून झालं आणि मी अजून कॉफीच्या मशीनपाशीच आहे.

भोपळूबद्दल तू लिहिलंस ते मी इतक्या वेळा वाचलंय की कागदाची घडी फाटली. जन्मली तेव्हा एवढी गोलमटोल की तिचं खरं नाव कुणाच्या तोंडी बसलंच नाही, आणि आता तू लिहितेस की तिचं वजन पंचवीसवरून एकवीसवर आलंय. नऊ वर्षांची पोर. फक्त अंडं खाते, तेही उकडलेलं, आणि सोलणार ती स्वतःच. केळं, तेही स्वतः सोललेलं. नाहीतर बंद पुडा, तिच्या डोळ्यांदेखत फोडलेला. तुझ्या हातचा भात ती समोर घेऊन बसते, गार होईपर्यंत बघत राहते आणि 'आई, भूक नाही' म्हणून उठते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून किलोभर उतरलं तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल. तारीखसुद्धा दिलीय त्यांनी, या महिन्याची अखेर.

आणि एवढं सगळं लिहून शेवटी तू माझ्याकडे मागितलंस काय, तर एक ओळ. तुझेच शब्द उतरवतो. 'तिला तुझंच तेवढं खरं वाटतं. मामा म्हणाला तर खाईन म्हणते. तुझं ते वाक्य एका कागदावर लिहून पाठव. आमच्या स्वयंपाकघराबद्दल, मी स्वतः बघितलंय, असं. मी तो कागद फ्रिजवर चिकटवते.'

ताई, एकोणीस दिवस मी तो कागद लिहितोय.

ते वाक्य माझं नाही, कंपनीचं आहे. आमच्या पुस्तिकेत पान नऊवर छापलेलं आहे. गिऱ्हाईक म्हणालं की मला ग्लुटेन चालत नाही, गव्हामैद्याचा कणसुद्धा नको, की आत जांभळी चिठ्ठी निघते. जांभळी फळी, जांभळा चिमटा, वेगळा तवा, हात धुऊन नवे हातमोजे. ताट तयार झालं की वहीत दोन सह्या, एक बनवणाऱ्याची आणि एक बघणाऱ्याची. मग ताटात जांभळं कागदी निशाण रोवायचं, आणि बघणाऱ्याने ते ताट दुसऱ्या कुणाच्या हाती न देता स्वतः टेबलापर्यंत न्यायचं. खाली वाकायचं, माणसाच्या डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, 'मी स्वतः बघितलंय.' लोकांना धीर येतो. खरंच येतो. मी मोठ्या मोठ्या माणसांचे खांदे या तीन शब्दांनी सैल होताना पाहिलेत.

भोपळूलाही गहू चालत नाही हे निदान झाल्यावर दीड वर्ष तुम्ही तिला घेऊन कुठेच जेवायला गेला नव्हतात. वर्गातल्या पोरांच्या वाढदिवसाला ती घरून डबा घेऊन जायची आणि कोपऱ्यात बसून खायची. मीच तुझ्या मागे लागलो. म्हटलं, आमच्याकडे आण, मामा आहे ना. तू पहिल्यांदा आलीस तेव्हा पर्समध्ये तिचा डबा लपवून आणला होतास, आठवतंय? ती संपूर्ण ताट जेवली. निशाण पुसून खिशात घातलं. पुढच्या वेळी तिने मला सांगितलं की तिच्या कंपासपेटीत आता एक निशाण आहे आणि तिला दहा करायची आहेत.

चार झाली.

गेल्या महिन्यात मी तुमच्याकडे येऊन गेलो. तू चहा दिलास तेव्हा मी तुझे हात बघितले. बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या होत्या. उजव्या अंगठ्याजवळ रक्त सुकलेलं होतं. मी बघतोय हे लक्षात आल्यावर तू हात पदराखाली घेतलेस आणि 'साबण जरा कडक आहे' म्हणालीस. भाऊजी ब्रेड घेऊन जिन्यात गेले, उभ्या उभ्या खाल्ला, शर्ट झटकला आणि मग घरात आले. येता येता माझ्याकडे बघून म्हणाले, 'बघ, तुझ्या बहिणीने एकदा केलेल्या घोळाची शिक्षा सगळं घर भोगतंय.' भोपळू पुस्तक वाचत होती. तिने पान उलटलं नाही. ओट्यावर मी आणून दिलेली जांभळी फळी उभी होती, घासून घासून पांढरट पडलेली.

ती फळी मी कशी आणून दिली, आठव. ऑक्टोबरमध्ये दवाखान्यातून तिला घरी सोडलं त्या आठवड्यात मी फळी आणि चिमटा घेऊन आलो होतो. तुला ओट्यापाशी उभं करून हात कसे धुवायचे ते दाखवलं. कोपरापर्यंत, नखांखाली, वीस आकडे मोजून. तू शाळेतल्या मुलीसारखी मान हलवत होतीस. जाताना माझा हात धरून म्हणालीस, 'तू नसतास तर मी काय केलं असतं रे?' त्या वेळी बोललो असतो तरी पाच महिने वाचले असते.

आता सांगतो. इथे जेवणाच्या सुट्टीची पंधरा मिनिटं उरलीत आणि पुन्हा उद्यावर टाकलं तर मी कधीच लिहिणार नाही.

परवा वर्गात एक नवी बाई होती. चाळिशीची, आधी शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलेली. मी फळ्यावर नियम लिहीत होतो. तिने हात वर केला. म्हणाली, 'सर, चुकून पावावर ठेवलं गेलं, तर वरचं उचलून दुसऱ्या ताटात ठेवलं तर काय बिघडतं? एवढं अन्न टाकून द्यायचं?' मी पुस्तिकेतलं उत्तर दिलं. टाकूनच द्यायचं, हात धुवायचे, पहिल्यापासून करायचं, कारण भुगा डोळ्यांना दिसत नाही. तिने विचारलं, 'तुमच्याकडे असं कधी झालंय?' मी म्हणालो, कधीच नाही. मग मी भाज्यांच्या थंड खोलीत जाऊन खोक्यावर बसलो. थोड्या वेळाने कुणीतरी बाहेरून दार ठोठावलं.

तो ऑक्टोबरमधला रविवार. दुपारचा दीड. आत दोन माणसं गैरहजर, तव्यावरचे काका एकटेच दोन तवे सांभाळत होते. वीस वर्षं काकांचे हात तेच काम करतायत, चिकन उचललं की पावात ठेवायचं. तुमची जांभळी चिठ्ठी आली, त्यांनी सगळं नियमाने केलं. वेगळा तवा, वेगळा चिमटा, नवे हातमोजे. आणि शेवटी चिकन उचललं आणि हाताच्या सवयीने पावावर ठेवलं. ताट खिडकीत आलं. मी पाहिलं. काकांनीही त्याच क्षणी पाहिलं. त्यांनी कपाळावर हात मारला आणि म्हणाले, 'नवं टाकतो. अकरा मिनिटं दे.'

खिडकीवर एक घड्याळ असतं. बारा मिनिटांपुढे गेलं की आकडे लाल होतात. तुमच्या टेबलाचे लाल होऊन सात मिनिटं झाली होती. आमचे वरचे साहेब त्या दिवशी चार नंबरच्या टेबलावर कॉफी घेत बसले होते. ही कारणं मी पाच महिने स्वतःला सांगत आलोय आणि ती खरीही आहेत. पण त्यांच्यामुळे मी ते केलं नाही. भाऊजींची आणि तुझी ताटं संपत आली होती आणि भाऊजी खिडकीकडे बघून मोठ्याने म्हणाले, 'काय मेहुणे, पोरीला उपाशी मारता की काय?' आजूबाजूचे चार लोक हसले. भोपळू हसली नाही, ती मला हात करत होती. मला भाऊजींसमोर छोटं व्हायचं नव्हतं. एवढंच. घरात सगळ्यांत कमी शिकलेला मी, आणि ती एक जागा होती जिथे मी कुणीतरी होतो.

मी काकांना म्हणालो, 'राहू दे.'

पाव उचलला. चिकनच्या खालच्या बाजूला भुगा चिकटलेला होता, तो कागदी रुमालाने पुसला. ताट बदललं. बटाटे बाजूला ठेवले, ते पावाला लागलेच नव्हते असं मनात ठरवलं. निशाण रोवलं. काका माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी वहीत सही केली आणि तव्याकडे वळले. त्या दिवसापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. मीही सही केली. ताट घेऊन तुमच्या टेबलापाशी आलो, वाकलो, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणालो, 'मी स्वतः बघितलंय.'

ती म्हणाली, 'चौथं!'

पुढचं तुला माहीत आहे. संध्याकाळी सहापासून उलट्या. पोट धरून गुडघे छातीशी घेऊन पडलेली. दोन दिवस सलाईन. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाई विचारत होत्या, आज काय काय खाल्लं. तू रडत होतीस. म्हणालीस, सकाळी ह्यांच्यासाठी टोस्ट भाजला होता, त्याच ओट्यावर हिचं सफरचंद चिरलं, पुसून घेतला होता ओटा, पण नीट पुसला की नाही आठवत नाही. भाऊजी माझ्याकडे वळले आणि म्हणाले, 'तुमच्याकडे काही गडबड?'

मी म्हणालो, 'आमच्याकडे शक्यच नाही. मी स्वतः बघितलंय.'

दोनदा म्हणालो, ताई. एकदा पोरीला टेबलापाशी, एकदा दवाखान्यात तुझ्यादेखत. आणि भाऊजी तुझ्याकडे वळून म्हणाले, एक गोष्ट धड सांभाळता येत नाही. भोपळू कॉटवर जागी होती. हाताला सुई होती आणि ती तुझ्याकडे बघत होती. मी पायांशी उभा होतो. मला ते दिसलं. त्या क्षणापासून तिने तुझ्या हातचं खाणं सोडलं हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. मी तिच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं आणि चहा आणायला खाली गेलो.

तू टोस्टचं भांडं फेकून दिलंस. मग पोळपाट, मग फळ्या, मग चाळण्या, मग घरात पीठ येणंच बंद केलंस. दर वेळी मला फोन करून सांगायचीस आणि मी म्हणायचो, 'छान केलंस.' तुझ्या ओट्यावर काही नव्हतं ताई. असलं तरी त्या दिवसाचं कारण ते नव्हतं. कारण माझ्या हातात होतं, मी ते रुमालात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

तू मागितलेला कागद लिहिणं सोपं आहे. एक ओळ. ती खाईलही कदाचित. हे सगळ्यात वाईट आहे, की माझं खोटं तिच्या पोटात दोन घास घालू शकेल आणि माझं खरं काय करेल ते मला माहीत नाही. मी रोज हाच हिशेब मांडतो आणि रोज तो चुकतो. आता तुझ्या हातावर तिचा विश्वास नाही, माझ्यावर तरी आहे. हे कळल्यावर माझ्यावरचाही जाईल. मग ती कुणाच्या हातचं खाणार? का फक्त अंडी सोलत बसणार? पण तो कागद फ्रिजवर लागला तर ती रोज जेवताना माझ्यावर विसंबून जेवेल आणि तू तिच्या समोर उभी असून गुन्हेगारच राहशील. आयुष्यभर. तिच्या लग्नातसुद्धा भाऊजी तो टोस्ट काढतील.

मन मोकळं करण्यासाठी लिहितोय असं तुला वाटेल. वाटू दे. मोकळं वगैरे काही होत नाहीये. बाहेरून कुणीतरी सर, सर करतंय.

साहेबांना मी काल सांगितलं. म्हणजे सांगायला लागलो. त्यांनी तारीख विचारली, पाच महिने झाले म्हटल्यावर म्हणाले, तक्रार आली होती का? नाही म्हटलं. मग कशाला उकरता, म्हणाले, तुमचे वर्ग छान चाललेत. माझा फोटो लावलाय त्यांनी भिंतीवर, जांभळं निशाण हातात धरलेला. आज मी तो काढून ठेवला. उद्या पुन्हा लावतील. सोमवारपासून मी शिकवणार नाही असं लिहून दिलंय. बाकी कुणाला काय करायचं ते करू दे, माझ्यात आता जोर नाही.

तू मला घरी येऊ नकोस म्हणशील. ते मी धरूनच चाललोय. पण हे भाऊजींना वाच. शब्दन् शब्द वाच, माझी लाज राखू नकोस. आणि तुझ्या हातांना मलम लाव. वीस आकडे मोजायचं मी शिकवलं होतं, तू किती मोजतेस मला माहीत नाही, पण आता पुरे.

फोन केलास तर उचलेन. नाही केलास तरी तक्रार नाही.

खाली भोपळूसाठी लिहिलंय. तुला योग्य वाटलं तर रेघेवर कापून तिला दे. फ्रिजवर लावायचं तर हेच लाव.

त्या दिवशीच्या वहीत बघणारा म्हणून ज्याची सही आहे तो,
तुझा धाकटा

- - - - - - - - - - - - - - - - - - - -

भोपळू,

त्या रविवारी तुझ्या ताटात चुकून पाव आला होता. मामाने तो उचलला आणि तेच ताट तुला दिलं. नवं करायला हवं होतं. केलं नाही. बघितलंय म्हणालो आणि तुझं पोट दुखलं ते माझ्यामुळे. आईमुळे नाही. आईने काहीच चुकवलं नव्हतं, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

कंपासपेटीतलं चौथं निशाण फेकून दे. पहिली तीन खरी आहेत, ती ठेव.

यापुढे मामा म्हणतो म्हणून काही खाऊ नकोस. हे वाचून झालं की आईकडे जा, तिला हात पुढे करायला सांग. ती लपवेल. लपवू देऊ नकोस. दोन्ही हात उजेडात धर, बोटांच्या मध्ये नीट बघ, आणि ते कशाने झालंय ते तिला विचार.

तू स्वतः बघ.

मामा